फ्रोइलानचा डावा डोळा

बसच्या पुढच्या काचेवर माशीएवढा एक काळा डाग होता. फ्रोइलान बार्रेआलेसने तो ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने पुसला, मग नखाने खरवडून पाहिला. डाग सरकला, पण जाईना. वैतागून त्याने मान वर केली आणि समोरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं. डाग मनोऱ्यावर जाऊन बसला. आभाळाकडे पाहिलं, तर आभाळात. मग त्याने हळूच डाव्या डोळ्यावर हात ठेवला. आभाळ लख्ख झालं.

फडकं हातात तसंच धरून तो बसच्या पायरीवर बसला. फेब्रुवारीची थंडी होती, तरी मानेवर घाम आला.

फ्रोइलान तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली बावीस वर्षं त्याने कास्त्रोहोंदोच्या बास्केटबॉल क्लबाची बस चालवली होती. स्पेनमधल्या लेओनच्या डोंगरातलं हे नऊ हजार वस्तीचं गाव. दोन चीजचे कारखाने, एक चौक आणि हा क्लब. एवढ्याशा गावाचा संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो, याचा गावाला कोण अभिमान! शहरातले प्रेक्षक ‘मेंढरं आली, मेंढरं आली’ म्हणून चिडवायचे, तर क्लबाने जर्सीवर शिंगवाला मेंढाच काढून घेतला.

फ्रोइलानने स्वतः कधी चेंडू हातात धरला नव्हता. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. बसमध्ये चढला की खेळाडूंच्या छातीशी त्याचं डोकं लागे. पण कुणाला वळणांवर उलटी होते, कोण हरल्यावर आईला फोन लावतो, कुणाचे पाय मधल्या वाटेत येतात, हे त्याच्याइतकं प्रशिक्षकालाही माहीत नव्हतं. पोरं त्याला ‘हेफे’ म्हणायची, म्हणजे मालक. एका वर्षी तो तापाने पडला आणि दुसऱ्याच ड्रायव्हरने बस नेली. संघ चाळीस गुणांनी आपटला. तेव्हापासून प्रशिक्षक गोर्का लिसुंदिया, एरवी देवाधर्माला न मानणारा माणूस, सांगायचा, “चाकावर फ्रोइलान नसेल तर मी चालत जाईन.”

आणि त्या वर्षी संघ तळाशी होता. खालच्या श्रेणीत घसरायला एकच पायरी उरली होती.

डागाबद्दल फ्रोइलान कुणालाच बोलला नाही. पहिल्या आठवड्यात एका माशीच्या चार झाल्या. मग अंधाऱ्या खोलीत मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडाव्यात तसा उजेड चमकायचा. तो अंथरुणात दचकून उठून बसे. सकाळी कामावर जाताना तो चौकात थांबायचा, उजवा डोळा झाकायचा आणि नगरपालिकेच्या खिडक्या मोजायचा. वरच्या मजल्यावर सात खिडक्या. सात भरल्या की दिवसभर जरा हुशारी वाटायची. मार्चच्या मध्यावर एका सकाळी सहाच भरल्या. त्याने पुन्हा मोजल्या. सहा. डावीकडची शेवटची खिडकी कुणीतरी पोतेरं टाकून झाकावी तशी नाहीशी झाली होती.

डॉक्टरकडे जायला हवं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर म्हणजे कागद, कागद म्हणजे परवाना, आणि परवाना गेला की बस गेली. बस गेल्यावर सकाळी उठून अंगात काय घालायचं, कुठे जायचं, लोकांनी आपल्याला काय म्हणून हाक मारायची, हे त्याला सुचेना.

त्याची बायको सग्रारिओ बेकरीत कामाला होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एका दुपारी जेवताना फ्रोइलानने वाइन ओतली, ती ग्लासच्या शेजारी.

“टेबलाला पाजतोयस का?” ती म्हणाली.

“हात घसरला.”

“हात घसरला की डोळा? परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटलास. काल पावाची टोपली पाडलीस. सगळं डावीकडेच कसं रे होतं तुझं?”

“म्हातारा झालो.”

“ते मला दिसतंय. डॉक्टरला दाखव.”

“हंगाम संपला की जातो. चारच सामने राहिलेत.”

“चार सामने!” तिने डाळीचा डाव भांड्यात आदळला. “डोळ्याला काय ठाऊक सामने किती राहिलेत ते?”

तो सांडलेली वाइन पुसू लागला. तिनेही मग विषय वाढवला नाही. पण त्या दिवसापासून ती त्याची बशी उजवीकडे ठेवू लागली. बोलण्यापेक्षा त्या बशीनेच तो जास्त घाबरला.

मार्चच्या शेवटी परगावच्या सामन्याहून परतताना, भर दुपारी, गावाबाहेरच्या गोल चौकात त्याने बस घातली आणि त्याच क्षणी समोर एक सायकलवाला उगवला. उगवलाच! आला कुठून ते दिसलंच नाही. फ्रोइलानने ब्रेकवर उभं राहून बस थांबवली. वरच्या फळीवरून पिशव्या कोसळल्या, चेंडू घरंगळत पुढे आले. सायकलवाल्याने मूठ दाखवली आणि निघून गेला. मागे पोरं हसत होती.

“हेफे, हा डाव आम्हालाही शिकवा! असा ब्रेक आमच्यात कुणाला लागत नाही!”

फ्रोइलानही हसला. मग त्याने बस पुन्हा सुरू केली. सायकलवाल्याच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. पुढचे कितीतरी दिवस त्याला रस्त्यात कुठेही पिवळं काही दिसलं की काळजात धस्स व्हायचं.

तरीही त्याने बस सोडली नाही. आणखी दोन सामने नेले. तो रोज ठरवायचा, उद्या सांगू, आणि रोज कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचं, “फ्रोइलान, तू आहेस म्हणून आशा आहे बाबा!”

शेवटचा सामना एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी होता, गिहोनला, डोंगरापलीकडे समुद्रावर. जिंकले तर टिकले, हरले तर खाली. सामना संध्याकाळी सहाचा. दुपारी दीडला बस निघाली. चौकात बँड होता, पोरंटोरं खिडक्यांवर हात आपटत होती. मागून तासाभराने चाहत्यांची बस निघणार होती. ती फ्रोइलानच्याच बस-कंपनीतली बेगोन्या चालवत होती, पस्तिशीची, तोंडाने फटकळ आणि हाताने पक्की.

निघताना सग्रारिओने त्याच्या हातात तोर्तियाचा, म्हणजे अंडं-बटाट्याच्या जाड आम्लेटचा, पाव दिला आणि कॉलर धरून डोळ्यांत पाहिलं. “फ्रोइलान, काही वाटलं तर थांब. ऐकतोयस ना? थांब.”

डोंगर चढू लागल्यावर हिमाची भुरभुर सुरू झाली. एप्रिलमध्ये तिकडे त्याचं कुणाला नवल नाही. वायपर फिरत होते. फ्रोइलान जीव मुठीत धरून चालवत होता. आणि मग, लुनाच्या जलाशयावरचा उंच पूल ओलांडताना, डाव्या डोळ्यात खालून एक राखाडी पडदा वर चढू लागला. ओलं फडकं कुणीतरी सावकाश वर ओढावं तसा. शेजारून एक मालट्रक पुढे जात होता. त्याचा आवाज येत होता, पण ट्रक नव्हता. मग एकदम तो अख्खा ट्रक नाकासमोर प्रकट झाला.

मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं. पुढे थोड्या अंतरावर एक लांब बोगदा होता, चार किलोमीटरचा. पांढऱ्या उजेडातून एकदम अंधारात शिरायचं, डावीकडे ट्रकांची रांग, पाठीशी अठरा जीव. त्याला त्या अठरांची नावं एकेक करून आठवू लागली. थांबवायचा प्रयत्न करूनही थांबेनात.

पुलापलीकडे विसाव्याची जागा होती, पेट्रोल पंप आणि एक कॅफे. फ्रोइलानने बस आत घेतली, आडवीतिडवी उभी केली, चावी काढली आणि दोन्ही हातांनी चाक धरून बसून राहिला.

लिसुंदिया पुढे आला. “काय झालं? कुणाला लघवी लागली?”

“मी पुढे नेत नाही.”

“म्हणजे?”

“मला दिसत नाही, गोर्का. डाव्या डोळ्याने काही दिसत नाही.”

प्रशिक्षकाला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा लाल झाला. “बावीस वर्षं दिसत होतं आणि आज दिसेनासं झालं? आजच? तासभर हळू चालव. बोगदा ओलांडला की उतारच आहे!”

“बोगद्यात मी तुम्हाला मारीन.”

“वेळेत मैदानावर नसलो तर न खेळता हरू आपण! कळतंय तुला? गाव काय म्हणेल?” आणि मग, दात आवळून, “कुणी फितवलंय का रे तुला?”

क्लबाचा व्यवस्थापक एलादिओ, फ्रोइलानचा शाळेपासूनचा मित्र, मधे पडला. “गोर्का, तोंड सांभाळ. फ्रोइलान, चल, खाली उतर जरा. हवा लागू दे.”

ते खाली हिमात उभे राहिले. खेळाडूही एकेक करत उतरले. फ्रोइलान समोर पंपाकडे पाहत होता. कुणाच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं.

थोड्या वेळाने एलादिओने हलक्या आवाजात विचारलं, “तुझ्या डाव्या हाताला कोण उभं आहे, सांग. मान न वळवता.”

“कुणी नाही.”

“नीट बघ.”

“कुणी नाही म्हटलं ना.”

“मी आहे, हेफे,” डाव्या कानाशी आवाज आला.

फ्रोइलान भूत पाहिल्यासारखा दचकला. मान वळवली तर हाताच्या अंतरावर इबू उभा होता. सेनेगालचा इबू, संघातला सगळ्यात उंच, सात फुटांना इंचभर कमी, अंगात हिरवागार ट्रॅकसूट. एवढा डोंगराएवढा माणूस, आणि फ्रोइलानच्या लेखी तिथे नुसती हवा होती.

इबूने आपला लांब हात त्याच्या खांद्यावर ठेवला. लिसुंदियाने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पलीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

कंपनीने सांगितलं, दुसरा ड्रायव्हर पोचायला तीन तास. मग एलादिओने बेगोन्याला फोन लावला. पाऊण तासाने चाहत्यांची बस आली, झेंड्यांसकट. त्रेपन्न जागा, सगळ्या भरलेल्या. एलादिओने आत चढून हात जोडल्यासारखं केलं. “संघाला जागा हवी. अठरा जणांना उतरावं लागेल.”

कुणी हललं नाही. वर्षभर वाट पाहिलेला सामना होता. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एतेल्विना उठली. पंचाहत्तर वर्षांची, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, गळ्यात ढोल. “बसा, बसा निवांत,” ती सगळ्यांवर खेकसली. “संघ इथे ठेवा आणि तुम्ही जाऊन तिथे माशा मारा! उठा रे, गुडघे माझे दुखतात की तुमचे?”

ती उतरली. तिच्यामागे एकेक करून सतरा जण उतरले. जाताना बेगोन्याने खिडकीतून फ्रोइलानकडे बघितलं. “बरं केलंस,” एवढंच म्हणाली आणि बस बोगद्याच्या दिशेने निघून गेली.

मग खरी कठीण वेळ आली. कॅफेत ती अठरा माणसं आणि फ्रोइलान. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी, भिंतीला पाठ लावून बसला. आत्तापर्यंत त्याला अपघाताची भीती होती. आता माणसांची वाटू लागली. खाटीक मेल्चोर समोर येऊन उभा राहिला.

“किती दिवस झाले हे?”

फ्रोइलानला खोटं बोलता आलं असतं. “फेब्रुवारीपासून,” तो म्हणाला.

“मार्चमध्ये माझी पोरगी शाळेच्या सहलीला गेली होती. तुझ्या बसने.”

फ्रोइलानने मान खाली घातली.

“बोल ना! माझी पोरगी तुझ्या बसमध्ये होती, आणि तुला ठाऊक होतं!”

“हो. ठाऊक होतं.”

मेल्चोरच्या मुठी वळल्या. एतेल्विनाने ढोल खुर्चीवर आपटला. “मेल्चोर, मारायचं असेल तर मार आणि मोकळा हो. नाहीतर फोनवर सामना लाव. सहा वाजलेत.”

मेल्चोरने मारलं नाही. त्याने गावच्या रेडिओचं प्रक्षेपण लावलं आणि फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला. संघ वीस मिनिटं आधी पोचला होता, पाय मोकळे करायलाही नीट वेळ मिळाला नव्हता. पहिल्या भागात चौदा गुणांनी मागे. मग इबू पेटला. अंतर दहावर आलं, सहावर, तीनवर. कॅफेचा मालकही येऊन उभा राहिला. शेवटच्या चार सेकंदांत कास्त्रोहोंदोच्या पोराने लांबून चेंडू टाकला, निवेदकाचा आवाज चढत गेला, आणि मग एकदम बसला. चेंडू बास्केटच्या कड्यावर दोनदा आपटून बाहेर पडला होता.

एतेल्विनाने डोळे पुसले आणि स्वतःच्या पावाचा अर्धा तुकडा फ्रोइलानपुढे सरकवला. “खा. पुढचं पुढे.”

त्याने तो हातात तसाच धरून ठेवला.

दुसरा ड्रायव्हर हिमामुळे रखडत आठच्या सुमाराला आला आणि सगळ्यांना घेऊन परतताना त्याने फ्रोइलानला लेओन शहरातल्या इस्पितळाच्या दारात सोडलं. सग्रारिओ तिथे येऊन थांबली होती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. डोळ्याच्या आतला पडदा भिंतीवरच्या कागदासारखा सुटत आला होता. “दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर...” त्या म्हणाल्या आणि सग्रारिओचा चेहरा बघून थांबल्या.

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. डोळ्यात हवेचा फुगा सोडला होता. तो जागेवर राहावा म्हणून आठ दिवस सतत जमिनीकडे तोंड करून राहायचं, अशी सक्त ताकीद मिळाली. घरी सग्रारिओने टेबलाच्या कडेला उशी ठेवली. त्यावर कपाळ टेकून फ्रोइलान दिवस काढू लागला. त्याला फक्त फरशी दिसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. दाराची घंटा वाजली की तो कान टवकारायचा. कोण आलं? शिव्या द्यायला आलं, की धीर द्यायला? चेहरा दिसत नाही, तोवर माणूस काय घेऊन आलाय ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी फरशीवर तपकिरी चामड्याचे बूट येऊन थांबले. बूट ओळखीचे होते.

“गोर्का?” फ्रोइलानने विचारलं.

“हं.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “मला काढलं क्लबाने. शुक्रवारी जातोय घरी, बिल्बाओला.”

“माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे कसलं? बत्तीस सामन्यांत तेवीस हरलो मी. ते काय तू हरलास?” बूट अस्वस्थपणे हलले. “ते फितवल्याचं बोललो ना मी... तोंडातून निघून गेलं. त्या घडीला मला नोकरी दिसत होती नुसती. समोर बोगदा आहे, बस आहे, पोरं आहेत, काही दिसत नव्हतं. आंधळा तू नव्हतास त्या दिवशी.”

“मी होतो रे,” फ्रोइलान उशीतूनच म्हणाला. “फेब्रुवारीपासून होतो. एक दिवस थांबलो, ते सगळ्यांना दिसलं. ज्या दिवशी नाही थांबलो, त्याचं काय?”

लिसुंदिया सग्रारिओने दिलेली कॉफी प्यायला आणि गेला.

डोळा अर्धामुर्धा वाचला. उजेड, आकार, रंग कळतात, अक्षरं नाहीत. बसचा परवाना गेला. कंपनीने त्याला कार्यालयात बसवलं, फोन घ्यायला आणि गाड्यांच्या वेळा लावायला. संघ खालच्या श्रेणीत गेला. इबूला फ्रान्समधल्या एका क्लबाने नेलं; नाताळात त्याचं कार्ड येतं, अक्षरं मुद्दाम मोठी काढलेली. मेल्चोर अजून फ्रोइलानशी बोलत नाही. सग्रारिओ त्याच्याच दुकानातून मांस आणते, तो वजन चोख करून देतो, पण ‘फ्रोइलान कसा आहे’ म्हणून विचारत नाही. फ्रोइलानला त्यात काही गैर वाटत नाही.

क्लबाची बस आता बेगोन्या चालवते. शनिवारी ती डोंगरापलीकडे गेली की फ्रोइलान घरी फोन पुढ्यात घेऊन बसतो. सग्रारिओ ताट वाढते, ते तसंच राहतं.

“निवतंय सगळं,” ती म्हणते. “पोरगी तुझ्यापेक्षा बरी चालवते.”

“माहीत आहे मला.”

“मग जेव की.”

“जेवतो. पोचू दे त्यांना.”

बेगोन्याला ही गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. हल्ली बोगदा ओलांडला की ती पहिल्या विसाव्यावर बस थांबवते आणि एका शब्दाचा निरोप पाठवते, ‘बाहेर’. मग फ्रोइलान खुर्ची पुढे ओढतो आणि चमचा हातात घेतो.